चाकातून लाल पाणी

रक्त. मला रक्तच वाटलं. गाडीच्या चाकातून लाल पाणी येत होतं, टायरवरून ओघळून खाली लादीवर, आणि माझी पोरगी तिथेच चाकाला धरून उभी, बोटं लाल, ओठ लाल, आणि ती ओठ चाटत होती. मी तिला उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, कुठे कापलंय ते शोधत होते, डोकं बघितलं, हात बघितले, पाय बघितले, कुठेच काय नाही. मग वास आला. सडक्या अंड्यासारखा. तेव्हा कळलं की हे रक्त नाही, हे त्या बाटलीतलं आहे, जे मी आत्ताच चाकावर मारलं होतं. मारताना तर पाण्यासारखं होतं, काही रंग नव्हता. चाकावर जाऊन ते लाल झालं आणि ते माझ्या पोरीच्या तोंडात गेलं.

थोडं मागून सांगते, नाहीतर कळणार नाही.

गाड्या धुवायचं काम माझ्या नवऱ्याचं. मुलुंडची एक बिल्डिंग आहे, तिथे सकाळी सकाळी जाऊन खालच्या पार्किंगमधल्या गाड्या धुवायच्या. तो तिथल्याच उतारावर घसरला, ओलं होतं, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. आणि ह्या लाइनमध्ये असं आहे की तुम्ही चार दिवस दिसला नाही की दुसरा कोणतरी बादली घेऊन उभा असतो. म्हणून मग मी जायला लागले. सासू गावाला, कणकवलीला. पोरगी नुकतीच धरून धरून चालायला लागलेली, तिला कुणाकडे ठेवणार, नवरा एका हाताने तिला काय सांभाळणार. घेऊन जायचे बरोबर.

पार्किंगमध्ये पोरं आणायची नाहीत असा सोसायटीचा नियम. गाडी मागे घेताना दिसत नाहीत म्हणून. नियम बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथले वॉचमन मामा आमच्याच बाजूचे, कुडाळकडचे, त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं आणि बोलले, "गो बाय, हिका हय ठेव माझ्या केबिनमध्ये. मी कोणाक सांगत नाय, तू पण सांगू नको." मग ती त्यांच्या केबिनमध्ये बसायची. चहात बेकरीचा कडक बटर बुडवून भरवायचे तिला. ती त्यांची शिट्टी चोखत बसायची.

कामाचं नवऱ्याने घरी बसून शिकवलं होतं. पहिली चाकं, मग गाडी. चाकाचं फडकं वेगळं, ते वर लावायचंच नाही, नाहीतर पत्र्यावर ओरखडे येतात. आणि चाकं गरम असताना पाणी नाही मारायचं. मला वाटायचं चाकाला चिखल लागतो. तो बोलला, चिखल नाही गं, ब्रेक मारला की आतलं झिजतं, त्याची पूड उडते, ती बसते. आपल्या मुंबईत तर पावलापावलाला ब्रेक. ती पूड साबणाने जाते पण सगळी नाही जात. कोपऱ्यात, नटच्या बाजूला, तापून तापून बसते, दूध लागलेल्या टोपासारखी. दाढीच्या ब्रशने, जुन्या टूथब्रशने काढायची. माझी नखं काळी व्हायची, भाकरी थापताना पण काळीच दिसायची.

चौथ्या मजल्यावरच्या मॅडमची गाडी पांढरी, चाकं डिझाइनवाली, मॅग व्हील बोलतात ती. त्यांच्या चाकांवर ती काजळी अशी बसलेली की मी किती घासलं तरी तपकिरी डाग तसेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या खाली आल्या, बोलल्या, "उद्या पूजा आहे गं गाडीची, फोटो काढणार आम्ही, चाकं झकास दिसली पाहिजेत." आणि मला बाटली दिली. ऑनलाइन मागवलेली. "हे मारायचं, जरा थांबायचं, घासायचं, पाणी मारायचं. सुकू नको देऊ." चाकावरच्या पुडीला लागून ते लाल होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना पण माहीत नसेल. बाटलीवर सगळं इंग्लिश. मी सातवीपर्यंत शिकले, मराठी वाचते, इंग्लिशचं एक एक अक्षर लावते, पण त्याचा अर्थ लागत नाही.

मी मारलं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, मामांना गेट उघडायला जायचं होतं, ते पोरीला माझ्याकडे देऊन गेले, "धर गो जरा." मी तिला भिंतीजवळ बसवली आणि पलीकडच्या चाकावर मारायला गेले. बस. तेवढंच.

मी ओरडले वाटतं. मला माझा आवाज आठवत नाही, पण मामा धावत आले, एक ड्रायव्हर आला, तळमजल्यावरच्या आजी आल्या. सगळे एकदम बोलत होते.

"मिठाचं पाणी पाज, उलटी होऊ दे."

"उलटी नको, आजी, तूप द्या तूप."

"अरे केळं द्या, माझ्या भावाने रॉकेल प्यायलेलं तेव्हा केळंच दिलेलं."

"रॉकेल वेगळं रे."

मी काहीच दिलं नाही. हुशारीने नाही, मला सुचलंच नाही. समोर स्वच्छ पाण्याची बादली होती, चाकासाठी भरून ठेवलेली, त्यातलं पाणी घेऊन तिचं तोंड धुतलं, परत धुतलं, हात धुतले. ती रडत होती आणि मला ते लांबून ऐकू येत होतं, शेजारच्या घरातलं पोर रडतंय असं. ड्रायव्हरने रिक्षा आणली. मी बसले. मामांनी रिक्षाचा दांडा धरला आणि आत वाकून हळूच बोलले, "बाय, एक ऐक. आजींक, ड्रायव्हराक मी समजावतंय, पण ती हय होती म्हणून तू सांगू नको. घराकडे फिनेल प्याली म्हण. माझी नोकरी जाईत."

मी मान हलवली. तेव्हा मी कशालाही मान हलवली असती.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, पोरांच्याच डॉक्टर. त्यांनी टॉर्च मारून तोंडात बघितलं, छाती ऐकली. विचारलं, काय प्यायली? मी बोलले, फिनेल. त्या बोलल्या, फिनेलचा वास नाही येत. मी पोरीला खांद्यावर घेतलं. मग त्या माझ्याकडे बघून बोलल्या, "हे बघ, फिनेल असेल तर एक उपाय, ॲसिड असेल तर दुसरा. मी चुकीचं केलं तर हिला त्रास होईल. नक्की काय होतं? बाटली आणलीस का?"

बाटली तिथेच राहिलेली, गाडीच्या बाजूला.

मी बाहेर येऊन मामांना फोन लावला. बोलले, मामा, बाटलीवर काय लिहिलंय वाचा. ते गेले, शोधली, श्वास लागलेला त्यांना. बोलले, "बारीक अक्षर गो, इंग्लिश, माका नाय जमत." फोटो पाठवा बोलले तर त्यांच्याकडे बटणांचा फोन. मी बोलले, कोणाकडून तरी वाचून घ्या.  मग बोलले, "कोणाक विचारू? विचारलंय तर सगळा समजतला." मग परत, "फिनेलच सांग ना, बाय." रागाने नाही. विनवणीच ती.

पोरगी माझ्या खांद्यावर होती. ओठांच्या कडेला त्या लालचा जांभळट डाग राहिलेला. रडून रडून ती गप्प झालेली, आणि ती झोपतेय की दुसरं काही होतंय ते मला कळत नव्हतं. आत डॉक्टर थांबलेल्या. नवऱ्याला विचारावं म्हटलं तर त्याचा फोन लागेना.

मी मॅडमना फोन केला.

सगळं सांगितलं. पोरगी पार्किंगमध्ये होती, तिच्या तोंडात गेलं. मॅडम एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. तशाच खाली धावल्या, बाटली घेतली, मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला, मॅडमनी वाचून दाखवलं, पुढचं मागचं सगळं. डॉक्टर हं, हं करत होत्या. फोन ठेवला आणि बोलल्या, "उलटी काढली नाहीस ना? बरं केलंस." मग पोरीचं तोंड परत बघितलं, आत लाल नाही, सूज नाही. "ओठाला लागलंय फक्त. पोटात गेलेलं दिसत नाही. तरी इथे बसून राहा, मी बघते मधून मधून."

बसून राहिले. दुपारी पोरगी डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढायला लागली, हसली. डॉक्टर बोलल्या, जा घरी. लोकांना अशा वेळी रडू येतं. मला काहीच आलं नाही. मी घरी आले, भात लावला, टोप घासले. नवरा पोरीला एका हाताने धरून बसला होता, मला काहीतरी विचारत होता, मी हो हो करत होते.

दसऱ्याला सकाळी पोरीला नवऱ्याजवळ ठेवून कामावर गेले. गेटवर दुसराच माणूस. शर्ट तोच, एजन्सीचा, माणूस दुसरा. मी विचारलं, मामा? तो बोलला, "उनको निकाल दिया. बच्चा घुसाया था ना अंदर."

मॅडम हार घेऊन खाली आल्या, मुलगी कशी आहे पहिलं विचारलं. मग बोलल्या, "मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं गं. चांगल्यासाठीच टाकलं, की अशी लहान मुलं पार्किंगमध्ये येतात, उद्या कुणाच्या गाडीखाली आली तर? मला काय माहीत ते वॉचमनलाच काढतील. तुझं काम मात्र मी जाऊ दिलं नाही हां. मी सांगितलं त्यांना, तिची काय चूक."

चाकावर ते लाल सुकून पट्टे पडलेले. मॅडम त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. झेंडूचा हार घातला, फोटो काढला.

मामांना मी फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला. पहिलंच बोलले, "पोरगी बरी मां?"

बरी आहे बोलले.

"मग झाला," बोलले. पाठीमागे टीव्ही चालू होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते बोलले, "जेवलंस काय तू?" मी हो बोलले, आणि माफी राहूनच गेली. ह्या वयात त्यांना दुसऱ्या गेटवर कोण उभं करणार. नंतर कुणीतरी बोललं की ते गावी गेले.

रात्री नवरा बोलला, "फिनेल बोलली असतीस तरी काय झालं असतं? तिने गिळलंच नव्हतं. मामा राहिले असते."

मी बोलले, मला तेव्हा काय माहीत.

तो बोलला, "ते पण खरं." मग कूस बदलून झोपला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं असेल, किंवा लागलंच नसेल, मला आता नीट सांगता येत नाही.

मी अजून तिथेच जाते. पोरगी घरी असते. नवीन वॉचमन मला ओळखत पण नाही, रजिस्टरमध्ये अंगठा घेतो, मी सही येते बोलले तरी अंगठाच. चाकं घासताना मी कितीदा तीच गोष्ट लावून बघते, की डॉक्टर विचारतायत, फोन माझ्या हातात आहे, मामा विनवतायत, आणि खांद्यावर पोर गप्प पडलंय, ते जगेल की नाही ते कुणी मला सांगितलेलं नाही. आता सगळं कळलेलं बाजूला ठेवा. तेवढ्यावरच सांगा, तुम्ही काय केलं असतं?