उजव्या बुटाचं टोक

माझ्या सासूबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या सख्ख्या बहिणीवर बोट ठेवून "ही बघा आमची सून" असं त्यांनी दोनदा पाहुण्यांना सांगितलंय. पण गिऱ्हाइकाने काउंटरवर बूट काढून ठेवला की त्या मान वर न करता सांगतात, "हे ते, जिना उतरताना धावणारे." आणि ते खरं असतं.

बस डेपोच्या भिंतीला लागून आमचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. इतकं लहान की दोघींपैकी एकीला वळायचं असेल तर दुसरीला विचारावं लागतं. मी पिशव्यांच्या चेन आणि शिवण बघते, त्या तळ आणि टाचा. बूट उलटा करून त्या त्यावरून अंगठा फिरवतात आणि टाच कुठे झिजली, तळ कुठे दबला, यावरून त्यांना माणूस कळतो. कोण एका खांद्यावर ओझं वाहतो, कोणाचा गुडघा दुखतो, कोण नवीन नोकरीत दिवसभर उभं राहतंय, सगळं. मी एकदा म्हटलं, "आई, ही देणगी आहे तुम्हाला." तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना नाचायला सांगितलं. "कसली देणगी! तीस वर्षं तेच करतेय. गाढवालाही येईल."

आणि त्यांचा एक नियम होता. बुटात दिसलेलं बुटातच ठेवायचं, माणसाला सांगायचं नाही. एकदा एका गृहस्थांना त्या बोलून गेल्या होत्या की तुमचा एक पाय तोकडा आहे. गृहस्थ तसेच उठून गेले, ते परत फिरकले नाहीत. तेव्हापासून तोंडाला कुलूप. मला हा नियम कधीच पटला नाही, पण सासूबाईंशी वाद घालायला मला तरी कुठे वेळ होता?

मामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. याच डेपोत ड्रायव्हर. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, म्हणून घाटाची गाडी कायम त्यांच्याकडे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आई लवकर गेली म्हणून सासूबाईंनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. मिशा पांढऱ्या झाल्या तरी त्या अजून त्यांना "जेवलास का?" असं दरडावून विचारायच्या.

मामांचा उजवा बूट पहिल्यांदा आला तेव्हा टोकाशी घासलेला होता. "पेडलने खाल्लं," सासूबाई म्हणाल्या आणि रबराचा तुकडा चिकटवला. ड्रायव्हर लोकांचे उजवे बूट लवकर जातातच, त्यामुळे मलाही काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी त्यांनी टोक थोडं तासून वर उचललं, आतून कातड्याची पट्टी दिली. काम असं सुबक की बोट फिरवूनही सांधा लागू नये. मामा खूश. "ताई, आता अडखळत नाही बघ!" आम्ही दोघी फुशारलो. तिसऱ्या महिन्यातही तसंच झालं.

मग एके दिवशी सकाळी पावणेदहाला मामी आल्या. मामांच्या घरातल्या सपाता घेऊन, पट्टा निघाला होता म्हणून. सासूबाईंनी सवयीने सपाता उलट्या केल्या आणि त्यांचा अंगठा थांबला.

उजव्या सपातेचं टोक पार कागदासारखं झालं होतं. डावी जशीच्या तशी.

"घरात कुठलं आलं पेडल?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मामींना विचारलं, "चालताना त्याच्या पायाचा आवाज होतो का गं?"

"होतो की, वन्सं. फटक फटक. स्वयंपाकघरात यायच्या आधी कळतं मला. मी म्हणते, वय झालं."

सासूबाईंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "त्याचं पाऊल उचलत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि मी दर महिन्याला रबर लावून ते झाकत बसले. त्याला अडखळू दिलं असतं तर त्याला तरी कळलं असतं."

मी घड्याळ बघितलं. घाटाची गाडी दहाला सुटते. दहाला बारा कमी होते.

त्या अनवाणीच निघाल्या. मामींना दुकानात बसवून मी मागे धावले.

गाडी फलाटाला लागली होती. जवळजवळ भरलेली. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या बाळाला टोपी घालत होती. मामा नळावर पाण्याची बाटली भरत होते. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

"टाच टेकव. बोटं वर कर."

"ताई, काय खेळ लावलाय?"

"कर म्हणते ना!"

डाव्या बुटाचं टोक टुणकन वर आलं. उजवं नुसतं थरथरलं. मामा हसले, म्हणाले पायाला मुंग्या आल्यात. पुन्हा केलं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली, पण बूट जमिनीवरून बोटभरही उठला नाही. दोन कंडक्टर बघत उभे राहिले.

"हळू बोल," मामा म्हणाले, खरं तर त्या काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणजे त्यांना माहीत होतं!

"कधीपासून?"

"तीन-चार महिने. मी मांडीतून उचलतो ना पाय. चालतंय की. ताई, दोन वर्षं राहिलीत फक्त. आजची फेरी मारतो, उद्या डॉक्टरकडे जातो. शप्पथ."

गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी शिट्टी मारली. मामा उठायला लागले.

तेव्हा सासूबाई खाली बसल्या आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाल्या, "थांब. शिवण उसवलीय. काढ बूट." आणि मामांनी काढून दिला. ताईने बूट मागितला की द्यायचा, एवढ्या वर्षांची सवय. सासूबाईंनी तो काखेत मारला आणि चालू लागल्या.

मामांना कळायला एक क्षण लागला. मग एका पायात बूट, एका पायात मोजा, असे ते मागे आले. "ताई! बूट दे! सगळ्यांसमोर माझ्या पोटावर पाय देतेस?" बुटाशिवाय ड्रायव्हरला गाडीवर चढता येत नाही, हा डेपोचा नियम. गाडीतले लोक खिडक्यांतून बघायला लागले. कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर एका क्षणी माझा हात त्या बुटाकडे गेलाही होता. यांचं चुकत असेल तर? अख्खा डेपो आमचं गिऱ्हाईक. शिवाय सख्खा भाऊ.

कंट्रोलर साहेब आले. "मावशी, बूट द्या. पंचेचाळीस माणसं खोळंबलीत."

"देते. आधी त्याला बोटं वर करायला सांगा. ब्रेकवर पाय याच बोटांनी जातो ना?"

साहेबांनी मामांकडे बघितलं. मामा मोज्यातल्या पायाकडे बघत राहिले. त्यांनी करून बघितलंही नाही. साहेबांनी दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. मामा तसेच एका मोज्यावर डेपोच्या मागच्या दाराने निघून गेले.

मामांच्या पाठीच्या मणक्यात नस दबली होती. ऑपरेशन झालं. "तीन महिने आधी आला असता तर बरं झालं असतं," असं डॉक्टर बोलले, आणि ते वाक्य सासूबाईंच्या मनाला लागलं ते लागलंच. मामांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. रोज ते आमच्या दुकानावरून जायचे, मान दुसरीकडे करून. सासूबाई हातातलं काम थांबवून पावलं ऐकायच्या. "अजून आपटतंय," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा हातोडी उचलायच्या. चार महिने अबोला. मामींमार्फत डबा जायचा, रिकामा परत यायचा, एवढाच काय तो आधार.

तोंडाचं कुलूप मात्र त्यांनी काढून फेकलं. आता दिसेल ते सांगतात. एका शिक्षिकेला सांगितलं की तुमचा तोल डावीकडे जातोय, कान दाखवा. ती दुसऱ्या आठवड्यात पेढे नाही पण दुरुस्तीला पाच जोड घेऊन आली. एका पोराला गुडघ्याबद्दल चांगलं तासभर ऐकवलं, नंतर कळलं की तो थोरल्या भावाचे बूट घालून आला होता. कंट्रोलर साहेब दर महिन्याला ड्रायव्हर लोकांना बूट दाखवायला पाठवतात. आता मीही शिकतेय. गाढवालाही येईल म्हणाल्या होत्या. मला अजून आलेलं नाही.

मग परवा दुपारी मामा दुकानात शिरले. काउंटरवर बूट ठेवले आणि मला म्हणाले, "सूनबाई, यांना दाखव." दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी होती. पास झाले तर पुन्हा घाटाची गाडी. खिशातून अर्ज डोकावत होता. "सगळे म्हणतात पाय सुधारला," ते माझ्याशीच बोलले.

सासूबाईंनी बूट उलटा केला. मीही वाकून पाहिलं. टोकाला नखाएवढं घासलेलं होतं. नखाएवढंच! मी मनात म्हटलं, आई, आज एकदा खोटं बोला. भाऊ परत आलाय तुमचा.

त्यांचा अंगठा दोनदा त्या जागेवरून फिरला. "अजून घासतोय," त्या म्हणाल्या. आवाज फुटला, पण म्हणाल्या.

मामा स्टुलावर बसले. बाहेर एक गाडी मागे घेत होते, कंडक्टरची शिट्टी वाजत राहिली.

"डॉक्टर ओळखीचे आहेत," शेवटी मामा म्हणाले. "सही देतील."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"ते देतील म्हणूनच."

सासूबाई बूट छातीशी धरून रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या, मोठ्याने. मामांनी अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती खिशात खाली ढकलली. मग उठून त्यांनी ताईच्या हातातून बूट सोडवून घेतला आणि पुन्हा काउंटरवर ठेवला.

"चल, ताई, डोळे पूस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक उभं आहे."