आत टाकलेला एक पाय
आज पेटी उघडल्यावर डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती राखाडी शाल हाती आली आणि फ्लोरेन्सचं ते मोठं चर्च डोळ्यांपुढे उभं राहिलं. आईविना राहिलेल्या भाचीला मी लहानाचं मोठं केलं. नोकरी लागल्यावर तिनं मला हौसेनं इटलीच्या सहलीला सोबत नेलं. नाशिकहून निघताना म्हणाली होती, "आत्या, घुमटातली चित्रं तुला हात धरून दाखवीन." हिरव्या-पांढऱ्या दगडी भिंतीलगत आम्ही तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर उन्हात तासभर रांग लावली. दारावरच्या माणसानं मला हसून आत सोडलं, पण तिचे उघडे खांदे पाहून तिला अडवलं. माझा एक पाय आत पडला होता. "आत्या, तुझी शाल दे ना. आणि बॅगा आत नेऊ देत नाहीत, तू त्या घेऊन बाहेर बस. तुला काय कळणार त्यातलं?" मैत्रिणी हसल्या. मी पाय मागे घेतला आणि पायरीवर बॅगा सांभाळत बसले. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं, "आत्याला सगळं दाखवलं." शेजारणींनी विचारलं, तेव्हा मीही चित्रं फार सुंदर होती म्हणाले. शाल आज पुन्हा घडी करून ठेवली. तेव्हापासून मी ती एकदाही पांघरली नाही, आणि हे तिच्या अजून लक्षातही आलेलं नाही.