पायावरचा बांध

आमच्या हॉस्पिटलात एका विभागाला दुसऱ्या विभागाचं मत हवं असेल तर रेफरन्स लिहितात. लिहायचं काम आम्हा रेसिडेंटांचं, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणाऱ्यांचं. तळाशी सगळे तेच दोन शब्द घालतात: 'काइंडली सी'. कृपया पाहावे. यात विनंती असते, प्रश्न नसतो, आणि ज्याला पाहायचं नसतं त्याला ते फार सोयीचं पडतं.

टाकवे बुद्रुकच्या एक मावशी आमच्या मेडिसिन वॉर्डात होत्या. भाताच्या आवणीत, रोपं लावताना, पायात काहीतरी रुतलेलं. मधुमेहाने पाय बधिर, त्यामुळे कळलंच नाही. अंगठा काळा पडला तेव्हा लेकाने आणलं. अंगठा जाणार हे उघड होतं. पाऊल राहतं का, एवढाच प्रश्न होता. मावशींचंही तेच म्हणणं.

"बोट घ्या वाटलं तर, पाऊल ठिवा. चिखलात उभं ऱ्हायाला लागतं मला."

मी सर्जरीला रेफरन्स पाठवला. उत्तर आलं: आधी साखर आटोक्यात आणा, मग पाहू. आमचे सर म्हणाले, आत पू असताना साखर उतरेल कशी? आधी त्यांनी जखम साफ करावी. तेही मी लिहून पाठवलं. पुन्हा तेच उत्तर. दोन्ही सर एकाच कॅन्टीनचा चहा पीत, पण एकमेकांना फोन करत नसत. ते काम आमचं. आणि आम्ही थेट मोठ्या सरांना फोन करायचा नाही, त्यांच्या रेसिडेंटला करायचा, असा रिवाज. तो म्हणे, "सर ओटीत आहेत, ऑपरेशन चाललंय, सांगतो." बिचारा सांगत असेलही.

अंगठ्याभोवतीची लाली किती वर चढतेय ते कळावं म्हणून मी पेनाने मावशींच्या पायावर रेघ मारली. त्या वाकून बघत राहिल्या.

"बांध घातला व्हय पायावर?"

"हो. हा ओलांडायचा नाही."

"त्याला सांगा की मंग. मला कशापाई सांगताय?"

दुसऱ्या सकाळी पट्टी सोडली तर लाली रेघ ओलांडून घोट्याकडे निघालेली. माझं डोकंच फिरलं. मी लोणावळ्याची, शनिवार-रविवारी दारासमोर गाड्या लावणाऱ्या पाहुण्यांशी भांडत वाढलेली. इथे आल्यापासून तोंड आवरायला शिकले होते, ते त्या सकाळी सोडून दिलं. सर्जरीच्या ओपीडीत रांग ओलांडून आत गेले आणि सरांसमोर माझाच पाय पुढे केला.

"सर, टाकव्याच्या मावशींची लाली काल इथे होती, आज इथे आहे. अंगठा आज काढला तर पाऊल राहील का? हो की नाही, तेवढं सांगा. नाही म्हणत असाल तर तसं त्यांना सांगायला तुम्हीच चला."

खोलीतले पेशंटही वाकून माझ्या पायाकडे बघू लागले. सर माझ्या चपलेकडे बघत होते.

"हे आधी का नाही विचारलं?"

"दोनदा लिहिलंय, सर."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. आठवलं की अजूनही येतो. पण माणूस उठला, वॉर्डात आला, पाय नीट दाबून पाहिला. दुपारी अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. पाऊल राहिलं.

जखम भरत आली तशा मावशी वॉकर धरून वॉर्डभर हिंडू लागल्या आणि सगळ्यांच्या चौकशा करू लागल्या. त्यांना घरी सोडलं त्याच दिवशी माझी ड्यूटी आयसीयूत बदलली होती. पिशवी भरून झाल्यावर त्यांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. तिथे कामशेतच्या एक आजी होत्या. गळ्याला गाठ, घास उतरेना, आणि घशाचे डॉक्टर अजून फिरकले नव्हते.

"ह्यांच्यासाटी कवा भांडायला जाताय, ताई?"

"मी आता दुसरीकडे चाललेय, मावशी. हे नवे डॉक्टर बघतील."

नवा रेसिडेंट टेबलाशी बसून लिहीत होता. मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्यास्नी भांडता येतं का?"

मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. आजींचाच रेफरन्स होता. अक्षर सुरेख होतं. तळाशी 'काइंडली सी' लिहून तो सही करत होता.