ओपलचं कार्ड

रोएनाच्या वॉफलना काय धाड भरली होती ते कुणालाच कळत नव्हतं. रोएनाला मात्र पक्कं कळलं होतं. सासूने पाककृतीतून काहीतरी गाळलं होतं.

संशयाला कारणही होतं. आमच्या टेनेसीच्या डोंगरात पाककृती मागितली की बायका हसत हसत लिहून देतात आणि एक जिन्नस हळूच स्वतःकडे ठेवतात. चर्चमध्ये एकाच पुस्तकातून भजनं म्हणतील, पण केकमधलं चिमूटभर जायफळ सांगणार नाहीत. रोएनाच्या सासूने, व्हर्लीनने, तर लग्नानंतर आठवड्याभरात आपणहून कार्ड लिहून दिलं. मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वितळलेलं लोणी, दोन अंडी, आंबट ताक. न मागता दिलं, तिथेच रोएनाचे कान टवकारले.

व्हर्लीनचे वॉफल वरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. रोएनाचे चपटे आणि चामट. नवरा, ड्वेन, मुकाट्याने गिळायचा. तीन वर्षांत तिने मैदा बदलला, ताक जास्त आंबवलं, सासूचं बिडाचं वॉफलपात्रही मागून आणलं. चपटे ते चपटेच. रविवारी सासूकडे गेलं की पीठ भिजवायच्या वेळीच व्हर्लीन तिला तळघरातून ज्वारीच्या काकवीची बरणी आणायला पिटाळायची, वॉफलवर ओतायला. एकदा रोएना अर्ध्या जिन्यावरून परत फिरली, तर म्हातारी ओट्याला टेकून निवांत उभी. बरणी सापडली नाही का, असं वर तिलाच विचारलं.

मग चर्चच्या गावजेवणाच्या आदल्या दिवशी व्हर्लीन पायरीवरून घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. वीस वर्षं त्या जेवणाचे वॉफल तिचेच. आता ते रोएनावर आले. नाही जमलं तर साधे पॅनकेक करू, असं पाद्रीबाई फोनवर फार गोड बोलल्या. रोएनाला ते भयंकर झोंबलं. उद्या चपटे झाले, तर जन्मभर गाव तिला पॅनकेकवालीच म्हणणार होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी रोएना सासूकडे गेली, तेव्हा व्हर्लीन परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती. रोएनाने तिचा पाककृतींचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी एक पिवळं पडलेलं कार्ड निघालं. अक्षर व्हर्लीनचं नव्हतं. खाली नाव होतं ओपल. ओपल म्हणजे सासऱ्यांची पहिली बायको, तरुणपणीच गेलेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. रोएनाने कार्ड दोनदा वाचलं. तेच जिन्नस, तेच माप. एक अक्षर गाळलेलं नव्हतं.

"सापडलं का काही?" दारातून व्हर्लीनचा आवाज आला.

रोएना चपापली. थाप मारायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"आई, माझे फुगत का नाहीत हो?"

व्हर्लीन खुर्चीत बसली. "विचारलंस बाई एकदाचं."

व्हर्लीन लग्न होऊन आली तेव्हा हेच कार्ड तिच्या हाती पडलं होतं. दोन वर्षं तिचेही चपटेच झाले. नवरा काही बोलत नसे, आणि त्याचं न बोलणंच तिला लागायचं.

"मला वाटायचं, त्या बाईने मुद्दाम काहीतरी गाळलंय. मेलेल्या बाईवर संशय घेतला गं मी. शेवटी मान खाली घालून तिच्या बहिणीला विचारलं. ती हसली. म्हणाली, अंड्यातलं पांढरं वेगळं फेसायचं, हे काय कुणी लिहून ठेवतं?"

"मग मला तळघरात का पिटाळायचात?"

"मुद्दामच. मला मान खाली घालावी लागली, तुलाही लागू दे, म्हटलं. वाईट वागले मी."

रोएनाला राग आला, आणि हसूही. दोघी कामाला लागल्या. पांढरं फेसून घट्ट झालं, तेव्हा व्हर्लीनने बजावलं की आता ढवळायचं नाही, हलक्या हाताने खालीवर करायचं. संध्याकाळी चर्चच्या दालनात वॉफल असे फुगले की पाद्रीबाईंनी तीन खाल्ले आणि पाककृती मागितली.

रोएनाने सगळं लिहिलं, पांढरं वेगळं फेसायचंही. खाली व्हर्लीनचं नाव घालणार, तोच प्लास्टरमधला हात तिच्या हातावर आला.

"ओपल लिही," व्हर्लीन म्हणाली. "तिने काहीच लपवलं नव्हतं."