पिवळी पडलेली पेटी
खंडेनवमीची सकाळ, धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा. हजर होतो विभागप्रमुख सर, पीएचडी करणारी एक मुलगी, शिपाई नाना आणि लॅब सांभाळणारी मी. झेंडूचा वास आला की आजही तोच दिवस आठवतो. बाहेर पाऊस भुरभुरत होता. काचेच्या बंद पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये, त्या मुलीने बनवलेले प्रकाश ओळखणारे सेन्सर होते: खाली पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा काळसर थर, वर सेंद्रिय अर्धवाहकाचा. अंधारातही सेन्सरमधून उगाच वाहणारा प्रवाह तिने वर्षभर खपून या वरच्या थराने कमी केला होता, आणि दसरा झाला की ते तपासणीसाठी पुण्याला न्यायचे होते. सरांनी पूजेसाठी पेटीचं दार उघडलं. "सर, नको, दमट हवा लागेल!" ती ओरडलीच. "अगं, यंत्राला काय काचेवरूनच हळदकुंकू लावायचं? दोन फोटो होऊ दे." फोटो झाले, आरती झाली, पेढे झाले, तरी येणाऱ्यांना दर्शन घेऊ द्या म्हणून सरांनी दार उघडंच ठेवायला लावलं. दुपारी नाना पेटीपाशी थबकले. "मॅडम, हाई तं बठ्ठं पिवळं व्हई गयं!" दमट हवेने काळसर थर पिवळा पडून सगळे सेन्सर निकामी झाले होते. सर हसले, "हळद लागली म्हणा, शुभच आहे!" हातातलं ताट मी टेबलावर आपटलं. त्या पूजेचा फोटो विभागाच्या भिंतीवर अजून आहे, खाली 'संशोधनाची परंपरा' असं लिहिलेलं. सरांनी त्या मुलीची माफी मागायची, एवढं काम मात्र अजून बाकी आहे.