जावईबापूंचा चांगला पाय

आमच्या मामांना सगळे हळूमामा म्हणतात. ते सावकाश आहेत म्हणून नव्हे, तर आयुष्यात त्यांनी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द तो आहे म्हणून. घोड्याच्या मागून जायचं तर आधी आवाज द्यावा लागतो, नाहीतर घोडा दचकतो आणि लाथ झाडतो. तबेल्यात उभा जन्म गेल्यामुळे मामा कुठेही शिरताना "हळू, हळू रे बाबा" असं म्हणतच शिरतात. न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, बँकेच्या रांगेत म्हणतात. मामींचं म्हणणं असं की, लग्नाच्या दिवशी त्यांच्या मागे येऊन उभे राहतानाही मामा हेच पुटपुटले होते.

"मी लाथ मारीन असं वाटलं असेल," मामी सांगतात. "तेव्हा नाही मारली. चुकलंच माझं."

मामांची दुसरी खोड म्हणजे ते माणसांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघतात. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चाल राहते. मी माझ्या होणाऱ्या बायकोला त्यांच्याकडे नेलं, तेव्हा ती मामींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली तेवढं त्यांनी पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "चारी पाय सरळ आहेत." त्यांच्याकडे याहून मोठा आशीर्वाद नाही. मी तो अजून बायकोला सांगितलेला नाही.

मामांच्या दोन खोल्या मालकांच्या तबेल्याच्या टोकाला आहेत. स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती थेट पहिल्या खणावर, आणि त्या खणात राहतात जावईबापू. जावईबापू म्हणजे मालकांचा पैदाशीचा घोडा. रंगाने तांबडा, कपाळावर चुन्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा पट्टा. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आणि भारदस्त आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो मान वळवत नाही. जावईबापू हे नाव मामींनी ठेवलं. "काम वर्षातले चार दिवस, खाणं बारा महिने, आणि रुसवा केव्हाही. दुसरं काय नाव ठेवणार?" खिडकीत मान घालून त्याने आजवर मामींचे तीन टॉवेल, एक पिशवी आणि पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेली बिस्किटं फस्त केलेली आहेत. मामी त्याला येता-जाता शिव्या घालतात आणि भाजीची देठं मात्र न चुकता त्याच खिडकीत ठेवतात.

हा घोडा जन्मला मामांच्या हातांत. आधी पाय आले, मग नाक. मामांनी स्वतःच्या सदऱ्याने त्याचं नाक पुसलं. मामींच्या मते स्वतःच्या मुलीचं नाकही त्यांनी इतक्या मायेने कधी पुसलं नव्हतं.

तर गेल्या वर्षी मालकांनी थोड्या दिवसांसाठी बाहेरून दुसरा एक घोडा आणला. काळाकुळकुळीत, मान अशी की जणू सगळा तबेला त्याच्या नावावर आहे. त्याचं नाव साहजिकच पाहुणे पडलं. दोन पैदाशीचे घोडे शेजारी ठेवायचे तर मध्ये दोन कुंपणं लागतात, नुसतं एक पुरत नाही. तशी ती होती. पण एका सकाळी मालक एका घोडीला दोरीने धरून तिथून नेत असताना पाहुण्यांनी आपल्या कुंपणावर छाती टेकली. फळी वरून ठणठणीत आणि आतून पोकळ निघाली. ती मोडली, पाहुणे बाहेर आले, आणि ते बघून जावईबापूंनी आपलं कुंपण निम्मं उडी मारून आणि निम्मं मोडून पार केलं.

मामा धावले. मामांना धावताना त्या दिवसाआधी कोणी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही घोडे मागच्या पायांवर उभे, दात एकमेकांच्या मानेत, आणि मामा दोन्ही हात पसरून जिवाच्या आकांताने ओरडताहेत, "हळू! हळू!" त्या शब्दाचे असे हाल कधी झाले नसतील. पाहुण्यांनी पाठ फिरवली आणि दोन्ही पायांनी लाथ झाडली. फरशीवर कलिंगड आपटावं तसा आवाज आला.

तेवढ्यात मामी घासलेल्या भांड्यांची टोपली घेऊन दारात आल्या होत्या. ती टोपली अंगणातल्या फरशीवर कोसळली. आपण ती मुद्दाम टाकली असं मामी म्हणतात. हातातून निसटली असं मामा म्हणतात. काही असो, त्या खणखणाटाने दोन्ही घोडे क्षणभर थिजले. तेवढ्यात मामांनी जावईबापूंच्या गळ्यात दोरी टाकली. घोडीला खणात ढकलून मालकही आले, आणि त्यांनी पाण्याची नळी पाहुण्यांच्या तोंडावर धरली. पाहुण्यांचा कान तेवढा फाटला होता. जावईबापू मात्र तीन पायांवर उभे होते.

डॉक्टरबाई आल्या. मामांच्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण घोडा तपासताना त्यांच्यापुढे मालकसुद्धा शाळकरी पोरासारखे उभे राहतात. मानेवरचे चावे त्यांनी धुऊन काढले, मागचा डावा पाय बराच वेळ चाचपला.

"हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पण जखम सांध्याला अगदी खेटून आहे. आत पू झाला तर..."

"तर काय ते सांगू नका," मामा म्हणाले.

"मामा, ऐकून घ्या. सांधा बिघडला तर हा पाय तो टेकणारच नाही. आणि एवढं धूड तीन पायांवर दिवस काढू शकत नाही. मागचा सगळा भार आता चांगल्या पायावर पडणार. तोही थकला, त्याचा खूर आतून सुटायला लागला, तर त्याला त्रासात ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा जखमेकडे मी बघते. तुम्ही नजर ठेवा चांगल्या पायावर."

पुढचं मालकांनी विचारलं नाही आणि मामांनी ऐकलं नसतं.

मामांची खाट त्याच दिवशी तबेल्यात गेली. मग उशी गेली, चष्मा गेला, दाढीचं सामान गेलं. "आता टपालही तिकडेच येऊ द्या," मामी म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ नळीचं गार पाणी सोडायचं, जखम धुवायची, पट्ट्या बदलायच्या. पट्ट्या दोन्ही पायांना, कारण भार सोसणाऱ्या पायालाही आधार लागतो. औषध कडू होतं. मामांनी ते दाण्यात कालवलं. जावईबापूंनी दाणा खाल्ला आणि औषध तळाशी तसंच ठेवलं, चाळणीने चाळल्यासारखं. शेवटी मामींनी सफरचंद पोखरून त्यात औषध भरलं आणि खिडकीत ठेवून दिलं, आपलं लक्षच नाही असं दाखवत. चोरीचं म्हटल्यावर ते एका घासात गेलं.

समाचाराला येणाऱ्यांत सर्वांत नेमाने येई तो घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. भला माणूस, पण आजाऱ्याजवळ बसवावा असा नाही.

"अगदी असाच होता एक," तो खणाच्या दारात टेकून सांगे. "तांबडाच. बरा दिसत होता अगदी."

"मग?"

"मग काय. सकाळी बघतात तर आडवा."

"तुमच्या ओळखीचा एक तरी घोडा जिवंत आहे का हो?" मामींनी विचारलं.

नालबंदाने विचार केला. "आहे ना. आंधळा आहे."

दिवस जात होते. जावईबापू दुखऱ्या पायाचं नुसतं टोक जमिनीला लावत आणि उचलत. मामा समोर उकिडवे बसून विनवत, "टेकव रे राजा. थोडासा. कोणी बघत नाही." यातच कधीतरी मामा स्वतःच डाव्या पायाने लंगडायला लागले. त्यांना ते कळलंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी एकदा पिशवी उघडता उघडता विचारलं, "आज आधी कोणाचा पाय बघू?" मामा चार पावलं सरळ चालले आणि मग पुन्हा लंगडू लागले.

मी गेलो त्या दुपारी मामा चार घास पोटात ढकलून पुन्हा तबेल्याकडे गेले होते. मी मागोमाग गेलो, तर ते पालथ्या बादलीवर बसलेले. चेहरा चुन्यासारखा.

"दुसराही गेला," ते म्हणाले.

मी पाहिलं. जावईबापूंनी चांगला पाय गुडघ्यात मोडून उचलला होता, खुराचं नुसतं टोक भुईला लागलेलं.

"बाईंना फोन लाव. आणि मालकांना..." मामा थांबले. "मालकांना नको. एवढ्यात नको."

माझा फोन चालू असतानाच मामी हात पुसत आल्या. "काय झालं? दोघं असे का?"

"चांगला पाय उचललाय त्याने," मामा म्हणाले. "भार सोसवेना. बाई म्हणाल्या होत्या तेच झालं."

मामींनी घोड्याकडे पाहिलं. मग वाकून खालून पाहिलं.

"मग हा उभा कशावर आहे?"

"म्हणजे?"

"मागचे पाय दोन. एक वर घेतला. उरला कोणता?"

मामा म्हणजे आयुष्यभर जगाचे पाय बघितलेला माणूस, पण त्याने बोटं पुढे करून दोनातून एक वजा केला. दुखरा पाय सपाट टेकलेला होता. सबंध. वरचं सगळं धूड त्याच्यावर.

"दुखतो म्हणून बदलला असेल," ते तरीही म्हणाले. चांगली बातमी चटकन घरात घ्यायची नाही, आधी तिचे पाय बघायचे.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी चांगला खूर हातात घेऊन सगळीकडून चाचपला, ठोकला. जावईबापूंनी झोपमोड झालेल्या माणसासारखं एक डोळा उघडून पाहिलं. बाईंनी पाय सोडल्यावर जावईबापूंनी तो खाली ठेवला, जरा वेळाने पुन्हा उचलला आणि खालचा ओठ लोंबवून ते पेंगायला लागले.

"खूर गार आहे, बिघडला असता तर तापला असता," बाई म्हणाल्या. "मामा, दुखत असेल तर घोडा ओठ असा लोंबवत नाही. चांगला पाय गेला नाही, तो सुट्टीवर आहे. भार दुखऱ्या पायावर टाकलाय आणि जनावराला त्याचा पत्ताही नाही."

"म्हणजे सांधा..."

"वाचला. जखम भरायला वेळ लागेल. पण वाचला."

आता मामांनीच मला मालकांना फोन लावायला सांगितलं. मालक आले, चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले, आणि पाहुण्यांना उद्याच परत पाठवतो म्हणाले. मागोमाग नालबंद आला. सगळं ऐकून त्याने मान हलवली.

"अगदी असाच होता एक," तो म्हणाला.

मामींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"तोही वाचला," नालबंद म्हणाला. त्याच्या व्यवसायातली ही पहिलीच थाप असावी.

संध्याकाळी मामी चहा घेऊन तबेल्याकडे निघाल्या, मी बरोबर होतो. जावईबापू एक पाय मोडून पेंगत होते. शेजारी भिंतीला टेकून मामा उभ्याउभ्या झोपले होते, तेही एक पाय मोडून. उजवा. डाव्यावर सगळा भार. ओठ किंचित लोंबलेला.

मी हाक मारणार, तेवढ्यात मामींनी माझा दंड धरला.

"हळू," त्या म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मग पालथी बादली त्यांनी आवाज न करता ओढली, तिच्यावर बसल्या आणि मामांचा चहा स्वतःच पिऊन टाकला.