तूबू उघडणाऱ्यानं गाव सोडायचं नाही

मिरजेहून गाडी हलली तेव्हा माझ्या पिशवीत बंगळूरची एक मोठी यादी होती. लालबाग, विधानसौध, रेशमी साड्यांची दुकानं, आणि जमलं तर नंदी हिल्स. एक्कावन्नाव्या वर्षी, मी शिकवते त्या शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत, पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब निघाले होते. यादीतलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा नाही.

बंगळूरला राजाजीनगरात माझा लांबचा मामेभाऊ बाळू राहतो. त्याच्या आजोबांपासून घराणं तिथलंच, शिंपीकामाच्या सामानाचं दुकान. घरात मराठी बोलतात, पण ऐकून आपण चक्रावतो. मी दारात पाऊल टाकलं तर बाळू म्हणाला, "अक्का, स्वल्प (जरा) थांब, चप्पल इकडं बिडू (सोड), कॉफी सूडसूड (गरमागरम) आहे." मला हसू आवरेना. अर्थात माझं माहेर जत तालुक्यातलं, कानडी मुलखाला लागून, त्यामुळं मला मोडकंतोडकं कानडी येतं. ते ऐकून मग बाळूची सगळी गल्ली हसली. आमचं कानडी म्हणजे त्यांच्या लेखी गावंढळ.

दुसऱ्याच दिवशी बाळूची मुलगी सुषमा माझ्या मागं लागली. ती कॉलेजात शिकणारी, आणि तिच्या बारा-पंधरा जणांच्या चमूनं एक केरे (तळं) साफ करायचं मनावर घेतलं होतं. गाळ काढायचा, जलपर्णी उपटायची आणि गावातल्या शाळेच्या मुलांना सोबत घेऊन पाण्याबद्दल शिकवायचं. पंधरा दिवसांचं शिबिर. अडचण एवढीच, की कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुलींना तिथं राहायला घरचे सोडत नव्हते. "आत्या, तुला काही करायचं नाही. तू फक्त बसायचंस," असं सुषमानं मला पटवलं. आयुष्यात मी कुठं नुसती बसलेली नाही, पण पोरीचा चेहरा पाहून हो म्हणाले.

ते गाव शहराबाहेर, हेब्बाळच्याही पुढं आहे. नाव लिहीत नाही, कारण आता तिथं प्लॉट पडायला लागलेत आणि गाव हळूहळू त्यात विरघळतंय. बसमधून उतरलो, एरी (तळ्याचा बांध) चढून वर गेलो आणि मी म्हटलं, अगं बाई, तळं कुठंय? समोर हिरवंगार मैदान. सगळी जलपर्णी. मधे एक बगळा त्या पानांवर खुशाल चालत होता. नीट पाहिल्यावर बांधाजवळ थोडं काळं पाणी दिसलं, आणि त्यात उभे दोन दगडी खांब, वर आडवा दगड. मला वाटलं, एखादं पडकं देऊळ असेल.

मुक्काम गावच्या शाळेत होता. पहिल्या जेवणाला रागी मुद्दे (नाचणीच्या उकडीचा गोळा) आणि सारू (पातळ आमटी). मी आपली चावत बसले. वाढणारी बाई बराच वेळ पाहत राहिली आणि शेवटी न राहवून तिनं समजावलं, की मुद्दे चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. गिळला तर घशात अडकला. शाळेच्या पोरांनी पाठीत धपाटे घातले. त्या दिवसापासून पोरांची आणि माझी गट्टी जमली.

चमूचा म्होरक्या अनिरुद्ध नावाचा पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. शनिवार-रविवारी आणि रजा काढून यायचा. मनाचा चांगला, पण घाईचा. सगळं त्याच्या कागदावर तक्त्यात मांडलेलं. मी दोन दिवस बसून काढले. तिसऱ्या दिवशी पोरांना पाण्याची खोली काठीनं कशी मोजायची ते दाखवायला उठले, ती परत बसलेच नाही. सकाळी जलपर्णी ओढायची, दुपारी झाडाखाली शाळा. माझ्या कानडीची पोरं हुबेहूब नक्कल करायची. मी रागवायची, तर रागावण्याचीसुद्धा नक्कल.

बांधावर रोज एक म्हातारा येऊन बसायचा. डोक्याला टॉवेल, गुडघे सुजलेले, हातात काठी. चहाच्या वेळेला हटकून असायचा, म्हणून आम्हाला वाटायचं चहासाठीच येतो. मी तर त्याला कामालाच लावलं. "अज्जा, नुसता काय बसलायस, ह्या बादल्या तिकडं सरकव," असं दोनदा म्हणाले. त्यानं निमूटपणे सरकवल्या. हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

पाचव्या दिवशी अनिरुद्धनं सगळ्यांना जमवलं. उरलेलं पाणी काढल्याशिवाय गाळ काढता येणार नव्हता आणि दिवस थोडे होते. त्यानं खोदाईचं मशीन ठरवलं होतं. रविवारी दुपारी येणार, कोपऱ्यात बांध कापणार, पाणी वाहून गेलं की परत माती भरायची. सुषमा हे गावकऱ्यांसाठी कानडीत सांगत होती. तिचं बोलणं संपायच्या आत तो म्हातारा काठीवर जोर देऊन उठला. तो एवढंच म्हणाला, की एरी कापू नका. एकदा कापलेली एरी पुन्हा धरत नाही, पहिल्या मोठ्या पाण्याला तिथूनच जाते. तूबू (पाणी सोडायचं दगडी भोक) आहे, तो उघडा.

अनिरुद्धनं विचारलं, हे कोण? गावातला एक जण म्हणाला, हा मुनियप्पा, आमचा नीरगंटी.

नीरगंटी म्हणजे तळ्याचं पाणी सोडणारा, शेताशेताला वाटून देणारा माणूस. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्याकडं त्याला पाटकरी म्हणतात, आणि माझे वडील पाटकरी होते. त्यांची भाकरी घेऊन मी रोज तळ्यावर जायची. पाणी सोडायच्या दाराच्या चाकाला हात लावू द्या म्हणून किती रडायची. "पोरीबाळींचं काम नव्हे ते," म्हणायचे आणि माझ्या धाकट्या भावाला जवळ ओढायचे. त्या भावानं पुढं एसटीत नोकरी धरली. असा माणूस पाच दिवस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला बादल्या उचलायला लावलं. मी तिथंच सगळ्यांसमोर त्याच्या पायाला हात लावला आणि क्षमा मागितली. तो गोंधळून गेला. म्हणाला, "अम्मा, बादल्या हलक्या होत्या."

मग मी अनिरुद्धकडं वळले. त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शाळेतल्या पोरांना बोलते तेच, जरा जास्त तिखट. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "आत्या, पण तो तूबू दहा-बारा वर्षं जाम आहे. चालेल याची गॅरंटी काय?" शेवटी ठरलं असं: रविवारी दुपारी बारापर्यंत तूबू उघडला तर ठीक, नाही तर मशीन बांधाला लागेल. मुनियप्पा ते ऐकून मान हलवत राहिला. त्या रात्री तो जेवला नाही, असं वाढणारी बाई सांगत होती.

दोन दिवस पोरांनी तूबूच्या खालचा जुना पाट मोकळा केला. पाणी वाया जाऊ नये, खालच्या तळ्यात उतरावं म्हणून. मी ज्याला पडकं देऊळ समजले होते, तोच तूबू. खांबांच्या तळाशी पाण्याखाली दगडात भोक, आणि भोकात लाकडी बूच. बुचाचा दांडा कधीच कुजून गेला होता. कुणीतरी बुडी मारून बुचाच्या कडीला दोर बांधायचा आणि वरून ओढायचं, एवढाच उपाय.

रविवारी सकाळी नवीनच पेच निघाला. मुनियप्पानं नियम सांगितला: तूबू ज्याच्या हातानं उघडतो, त्यानंच तो बंद करायचा, आणि तोवर गाव सोडायचं नाही. पाणी मोकळं सोडून नीरगंटी निघून गेला, असं त्या तळ्यावर कधी झालेलं नाही. त्याचे गुडघे गेलेले, खाली उतरून बंद करणं त्याच्यानं होणार नव्हतं. मुलगा लॉरीवर, कधी येईल ठाऊक नाही. गाळ काढून तूबू बंद व्हायला आठ-दहा दिवस लागणार. "यातलं कोण राहणार?" त्यानं विचारलं.

अनिरुद्धला दुसऱ्या दिवशी ऑफिस. पोरापोरींच्या परीक्षा, कुणाकडं लग्न. गावची जाणती माणसं नजर चुकवू लागली, सगळ्यांना शहरात कामं. साडेदहा वाजत आले होते, आणि मशीनचा ट्रक वेळेआधीच येऊन रस्त्यावर उभा राहिलेला दिसत होता. माझं परतीचं तिकीट पुढच्या सोमवारचं होतं. माझी शाळा मात्र जूनच्या मध्याला उघडणार होती.

"मी राहते," मी म्हणाले.

गावकऱ्यांत कुजबुज झाली. बाईमाणसानं तूबूला हात लावायचा नसतो, असं कुणीतरी म्हणालंच. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं, फक्त भाषा वेगळी. मुनियप्पा माझ्याकडं पाहतही नव्हता, तो पाण्याकडं बघत होता. तसाच म्हणाला, "सरी (बरं). अम्मा राहतील."

अनिरुद्ध कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. मुनियप्पा दगडावर बसून सांगायचा, मी ते मराठीत ओरडून त्याच्यापर्यंत पोचवायची. डाव्या खांबाला पाय लाव. भोक उजव्या टाचेखाली. कडीला दोन गाठी, आणि हात लगेच बाहेर. बूच हललं की पाणी आत ओढतं, हात गेला तर माणूस जातो. हे वाक्य मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला. पोरगा तीन वेळा रिकामा वर आला, डोक्यावर जलपर्णीची मुळं लोंबत होती. चौथ्यांदा वर येऊन त्यानं हात उंच केला.

दोराला पहिला हात माझा, मागं चमू, त्यामागं अख्खी शाळा. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला दोर करकरला. तिसऱ्या वेळी आम्ही सगळे एकदम पाठीवर पडलो. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग बांधाच्या पोटातून घरघर आली आणि पलीकडं पाटात काळं पाणी उसळलं. पोरं पाण्याच्या पुढं पुढं धावत सुटली. मुनियप्पा कसाबसा उभा राहिला, शेतांकडं तोंड केलं आणि ओरडला, "नीरु बंतु" (पाणी आलं). मग उघडणाऱ्याचं नाव हाक मारून सांगायची रीत, म्हणून माझं, "विमलम्मा." मी अनिरुद्धचं डोकं माझ्या पदरानं पुसत होते, आणि आम्ही दोघंही रडत होतो. मशीन आल्या पावली परत गेलं.

मी त्यानंतर दहा दिवस राहिले. शिबिर संपलं तरी सुषमा माझ्यासोबत थांबली, शनिवारी अनिरुद्ध आला. तळं रिकामं होताना पोरांनी मासे बादल्यांतून खालच्या तळ्यात नेले. शेतकऱ्यांनी बैलगाड्या लावून गाळ शेतात नेला. मी सकाळ-संध्याकाळ मुनियप्पाबरोबर पाट तपासायची. तो कमी बोलायचा. आमच्या वडिलांसारखाच, पाण्याकडं बघत बोलायचा.

दहाव्या दिवशी नवं बूच घेऊन मी तूबूच्या खड्ड्यात उतरले. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलात. मुनियप्पानं वरून सांगितलं तसं बूच बसवलं, हातोड्यानं ठोकलं, भोवती गवत आणि चिकणमाती लिंपली. वर पाहिलं तर तो शेतांकडं वळला होता. "नीरु निंतु" (पाणी थांबलं), तो ओरडला. आणि मग, "पुट्टम्मा."

मला वाईट वाटलं. दहा दिवसांत माझं नाव विसरला? मी खालूनच म्हटलं, "अण्णा, विमल. विमल."

"ठाऊक आहे, अम्मा," तो म्हणाला. "पुट्टम्मा माझी बायको."

मी वर आले, त्याच्याजवळ बसले. तो सांगत गेला. तूबू चालता होता तेव्हा त्याला दारूचं व्यसन होतं, पंधरा वर्षं तो कामाचा नव्हता. बूच काढायला, बसवायला ती उतरायची. अख्ख्या गावाला माहीत होतं. तो फक्त बांधावर उभं राहून हाक द्यायचा, आणि हाक स्वतःच्या नावाची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

"ती काही म्हणायची नाही?" मी विचारलं.

"म्हणायची," मुनियप्पा म्हणाला. "चिखलात उभी राहून वर बघायची आणि म्हणायची, आणखी मोठ्यानं ओरडा. शेवटच्या शेतापर्यंत जात नाही."

परतीच्या गाडीत माझ्या नखांतला चिखल निघाला नव्हता. मिरजेत सगळे विचारतात, बंगळूर कसं आहे, लालबाग पाहिली का. मी म्हणते, नाही पाहिली. माणसं म्हणतात, एवढ्या लांब जाऊन काय केलंस मग. त्यांना काय सांगायचं ते मला बरेच दिवस सुचत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला बसले. पुट्टम्माला मी पाहिलेलं नाही, ती दिसायला कशी होती तेही मला ठाऊक नाही. पण ही पानं वाचताना तुम्ही तिचं नाव एकदा तोंडानं घ्या, जरा मोठ्यानं. शेवटचं शेत फार लांब आहे.